शाळेचे आकडे, वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण विचारलं होतं की शिक्षणाच्या सरकारी आकड्यांबद्दल काही कळत नसेल तर लिहा, आणि पत्रं-मेसेज भरपूर आले. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलेत ते घेतलेत. नावं छापलेली नाहीत, गाव-जिल्हा तेवढा ठेवलाय.

ताई, पेपरात वाचलं की देशातल्या शाळांमधली मुलं पावणेदोन-दोन कोटींनी कमी झाली. मग ही पोरं गेली कुठे? एवढ्या मुलांनी शाळा सोडली का? – एक पालक, नाशिक

नाही, एवढ्या मुलांनी शाळा सोडलेली नाही, पण प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर नीट समजून घ्या.

हा आकडा येतो यू-डायस प्लस मधून, म्हणजे केंद्र सरकार दरवर्षी शाळांची माहिती गोळा करतं तिथून. देशातली प्रत्येक शाळा, मग ती जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो नाहीतर सीबीएसईची, त्यात माहिती भरते. २०२१-२२ मध्ये एकूण विद्यार्थी होते २६ कोटी ५२ लाख. २०२२-२३ मध्ये २५ कोटी १८ लाख, पुढच्या वर्षी २४ कोटी ८० लाख आणि २०२४-२५ मध्ये २४ कोटी ६९ लाख. आता बघा, सगळ्यात मोठी घसरण एकाच वर्षात आहे, १ कोटी ३४ लाखांची, आणि नेमकं त्याच वर्षी मोजायची पद्धत बदलली. आधी शाळा फक्त बेरीज कळवायची, पाचवीत इतके मुलगे इतक्या मुली, संपलं. २०२२-२३ पासून एकेका मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांची नावं, आधार असेल तर आधार, असं सगळं वेगवेगळं भरावं लागतं. त्यामुळे एकच मूल गावच्या झेडपी शाळेतही पटावर आणि तालुक्याच्या इंग्लिश मीडियममध्येही पटावर, असं जे सर्रास चालायचं ते पकडलं जाऊ लागलं.

महाराष्ट्राला हे काही नवीन नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली होती, आठवतंय ना, एकाच वेळी सगळ्या शाळांमध्ये महसूलची माणसं गेली आणि मुलं प्रत्यक्ष मोजली. पटावर शंभर आणि वर्गात चाळीस अशा कितीतरी शाळा निघाल्या. पट जास्त दाखवला की शिक्षक जास्त, अनुदान जास्त, हे त्यामागचं साधं गणित.

पण सगळी घट बोगस नावांचीच आहे असंही म्हणू नका. एक तर मुलंच कमी जन्माला येतायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा, २.० वर आला आणि महाराष्ट्राचा तर १.७. पहिलीचे वर्ग त्यामुळे लहान होत जाणारच. आणि दुसरं, मला जास्त टोचतं ते हे, की आधारवर नाव एक आणि दाखल्यावर दुसरं, जन्मतारीख चुकलेली, किंवा आधारच नाही, अशी खरीखुरी, रोज वर्गात बसणारी मुलं कागदावर अडकतात. आपल्याकडे संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, आधार व्हॅलिड, आधारशी माहिती जुळलेले विद्यार्थीच धरायचे म्हटल्यावर किती शाळांचे मुख्याध्यापक महिनोन्महिने आधार केंद्राच्या चकरा मारत होते ते त्यांनाच विचारा. पोरगं समोर बसलंय, खिचडी खातंय, कविता म्हणतंय, पण मोजणीत नाही. म्हणून हा आकडा वाचताना २०२१-२२ ची आणि त्यानंतरची वर्षं एका ओळीत ठेवून 'मुलं घटली' म्हणणं चूक आहे. २०२२-२३ पासून पुढची वर्षं मात्र एकमेकांशी ताडून बघता येतात.

यू-डायसच्या रिपोर्टमध्ये कुठेकुठे नोंदणी १०० टक्क्यांच्या वर असते. शंभरपैकी एकशेदोन मुलं शाळेत कशी असू शकतात? – एमपीएससी करणारा वाचक, लातूर

तो जीईआर असतो, म्हणजे ढोबळ नोंदणी दर. वर आकडा कुठल्याही वयाच्या विद्यार्थ्यांचा, खाली आकडा फक्त त्या वयोगटातल्या लोकसंख्येचा. बारा वर्षांचं मूल चौथीत असेल तर ते वर मोजलं जातं, खाली नाही. म्हणून शंभरच्या वर जातो. परीक्षेत विचारलं तर एवढंच लिहा, पुरे.

मी ऊसतोडीच्या पट्ट्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे. सरकार म्हणतं गळती कमी झाली. आमच्या शाळेत दिवाळीनंतर अर्धे वर्ग रिकामे असतात. आम्ही खोटं बघतोय का? – एक शिक्षक, जि. बीड

सर, तुम्ही खरं बघताय. आणि सरकारी आकडाही त्याच्या व्याख्येत बसतोच, हीच तर खरी अडचण आहे.

२०२४-२५ च्या यू-डायस प्लस नुसार माध्यमिक स्तरावर गळती ८.२ टक्के, आदल्या वर्षी १०.९ होती. मधल्या स्तरावर, म्हणजे सहावी ते आठवी, ५.२ वरून ३.५. सुधारणा आहे, नाकारायचं कारण नाही. पण गळती मोजतात कशी, तर यावर्षी जे मूल नोंदीत आहे ते पुढच्या वर्षी कुठल्याच शाळेच्या नोंदीत नसेल तर ते गळालं. म्हणजे मोजमाप वर्षातून एकदा. तुमच्याकडचं मूल जूनमध्ये येतं, सप्टेंबरात वर्गात असतं, आपली संचमान्यता पिढ्यानपिढ्या ३० सप्टेंबरच्या पटावर होते तेव्हा ते हजर असतं, आणि दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि कोयत्याबरोबर, म्हणजे आईबापाबरोबर, ते सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात निघून जातं. मार्च-एप्रिलला पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की परत. नाव पटावर आहेच, पुढच्या जूनला पुन्हा वर्गात आहेच, मग गळती कुठे झाली? कागदावर कुठेच नाही. पण त्या मुलीने पाच महिने कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, धाकटं भावंड सांभाळलं, पाणी भरलं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधल्या, आणि परत आल्यावर तिला भागाकार येत नाही म्हणून ती हळूहळू मागे बसायला लागते आणि आठवी-नववीला खरंच सुटते, बऱ्याचदा लग्नच होतं.

हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, साखरशाळांचे, म्हणजे कारखान्यावरच तोडणीवाल्यांच्या मुलांसाठी शाळा भरवायचे, प्रयोगही झाले. हमी कार्ड म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं. तुम्ही एक करा, स्थलांतर करणाऱ्या मुलांची महिनावार यादी शाळेत ठेवा, कोण कुठल्या तारखेला गेलं, कुठल्या कारखान्यावर, कधी परत आलं. केंद्रप्रमुखांकडे दरमहा लेखी द्या. वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जायला, मंजुरीसाठी भांडायला ही यादीच लागते. वार्षिक आकड्यात जे मूल दिसत नाही ते तुमच्या हजेरीपटात दिसतं आणि महाराष्ट्रात त्या हजेरीइतका खरा दस्तऐवज दुसरा कुठलाच नाही.

माझा नातू चार वर्षांचा, सोसायटीतल्या प्लेग्रुपला जातो. तो या सरकारी आकड्यात मोजला जातो का? – एक आजोबा, पुणे

बहुतेक नाही. यू-डायस मध्ये शाळेला जोडलेले बालवाडी-केजीचे वर्ग येतात. अंगणवाडीतली मुलं वेगळ्या खात्याकडे, महिला व बालविकासकडे, त्यांची नोंद पोषण ट्रॅकर ॲपवर अंगणवाडी ताई रोज करतात. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि आज देशात चौदा लाखांच्या घरात अंगणवाड्या आहेत. आणि सोसायटीच्या पार्किंगवरच्या दोन खोल्यांतला प्लेग्रुप या दोन्हीकडे नसतो.

म्हणून तीन ते सहा वयाची किती मुलं कुठे शिकतात हे जाणून घ्यायचं तर घरी जाऊन विचारणाऱ्या पाहण्याच उपयोगी. प्रथम संस्थेच्या 'असर' या ग्रामीण पाहणीत २०१८ मध्ये तीन वर्षांची ६८.१ टक्के मुलं कुठेतरी पूर्वप्राथमिकला जात होती, २०२४ मध्ये ७७.४ टक्के. तरीही दर चारातलं जवळजवळ एक मूल घरीच. ज्या राज्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर अंगणात बालवाडी भरवून दाखवली, तिथे आज शहरातल्या खाजगी बालवर्गांचा नीट हिशोब कुणाकडेच नसावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. नियम नाहीत, शिक्षिकेची पात्रता कुणी बघत नाही, आणि वय बघाल तर मेंदू सगळ्यात भराभर वाढायचं.

सर्व्हे म्हणतो खाजगी शाळेचा वर्षाचा खर्च सरासरी २५ हजार. माझ्या मुलीची नुसती फी ८५ हजार आहे, बस वेगळी. हा सर्व्हे केला कुणी? – एक आई, ठाणे

केला केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने, एप्रिल ते जून २०२५ मध्ये, ५२,०८५ घरांत जाऊन. त्यात सरकारी शाळेतल्या मुलामागे घरचा खर्च वर्षाला सरासरी २,८६३ रुपये आणि इतर शाळांत २५,००२ रुपये निघाला. तुमचा आकडा खोटा नाही आणि त्यांचाही नाही. ही देशभराची सरासरी आहे, त्यात बिहारमधल्या तालुक्याच्या गावातली महिना पाचशे रुपयेवाली शाळाही आहे आणि तुमची ठाण्याचीही. सगळ्या प्रकारच्या शाळा मिळून नुसती फी बघितली तर शहरात सरासरी १५,१४३ आणि खेड्यात ३,९७९, म्हणजे जवळपास चौपट फरक तिथेच आहे. एका सरासरीवरून कुणाच्याच घरचा खर्च कळत नाही.

मला त्या पाहणीतलं वेगळंच काहीतरी महत्त्वाचं वाटलं. २७ टक्के मुलं त्या शैक्षणिक वर्षात खाजगी क्लासला जात होती, शहरात ३०.७ आणि खेड्यातसुद्धा २५.५. अकरावी-बारावीला शहरात क्लासचा सरासरी खर्च ९,९५० रुपये. कोटा-लातूरच्या फिया ऐकलेल्या माणसाला हे कमी वाटेल, पण ही सगळ्या मुलांत वाटली गेलेली सरासरी धरा, क्लास न लावणारेही त्यात आले की आकडा खाली येतोच. आणि पैसा येतो कुठून, तर ९५ टक्के मुलांच्या बाबतीत मुख्य स्रोत घरचेच लोक. सरकारी शिष्यवृत्ती हा पहिला मोठा आधार सांगणारे फक्त १.२ टक्के. शिष्यवृत्तीच्या जाहिराती बघताना हा आकडा डोक्यात असू द्या.

अजून एक, २०१७-१८ च्या जुन्या पाहणीशी ही पाहणी सरळ ताडू नका, कारण यावेळी अंगणवाडीलाही पूर्वप्राथमिक शिक्षणात धरलंय, तेव्हा धरलं नव्हतं. सरकारी संस्थांतल्या मुलांचं प्रमाण त्याने वर जातं. मंत्रालयाने स्वतःच हे स्पष्ट सांगितलंय, बातम्यांत ती ओळ गळते.

'असर' म्हणतं सरकारी शाळेतल्या तिसरीच्या पाव मुलांनाही दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. सरकारची परख पाहणी म्हणते तिसरीला भाषेत ६४ टक्के. कोण खोटं बोलतंय? – निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

सर, कुणीच नाही. दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात.

'असर' ही प्रथम संस्थेची पाहणी, २००५ पासून. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं, आणि स्वयंसेवक घराच्या ओट्यावर बसून एकेका मुलाला एक कागद वाचायला देतात. आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल जिथपर्यंत पोचेल तिथे त्याची नोंद. शाळेत न जाणारं मूलही यात येतं कारण मोजणी घरी आहे. २०२४ ला ६०५ ग्रामीण जिल्ह्यांत साडेसहा लाखांच्या आसपास मुलं झाली. सरकारी शाळेतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना ती गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये, कोविडनंतर, फक्त १६.३ टक्के होती. म्हणजे दोन वर्षांत वर आलो, २०१८ च्या २०.९ च्याही पुढे गेलो, आणि तरी चारातली तीन मुलं मागेच. दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत.

परख राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं, शाळेत, तिसरी-सहावी-नववीच्या २१ लाखांवर मुलांचं, शहरातल्या आणि खाजगी शाळाही धरून. त्यातले ६४ म्हणजे मुलांनी सरासरी ६४ टक्के उत्तरं बरोबर दिली. ६४ टक्के मुलं पास असा त्याचा अर्थ नाही! बातमीत मात्र तसंच छापून येतं. त्यामुळे २३ आणि ६४ ची वजाबाकी करायचीच नाही.

पण गंमत बघा, अहवाल आत उघडलात तर दोघं एकाच ठिकाणी बोट ठेवतात. परखमध्ये सहावीच्या फक्त ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे नीट येतात असं निघालं, आणि नववीला गणितात सरासरी ३७ टक्के. तुम्ही आयुष्यभर शिकवलंय, तुम्हाला हे नवीन नसणार. तिसरीत जे निसटतं ते नववीत कितीतरी पटीने दिसतं, आणि म्हणून मी कुणीही विचारलं तर एवढंच सांगते की निकाल दहावीचा नका बघू, तिसरीचा बघा.

देशात ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, आपल्याकडे तर २४ आहेत असं वाचलं. मग आमच्या वस्तीवर एकच मास्तर का? – एक सरपंच, जि. नंदुरबार

देशात २०२४-२५ ला पहिल्यांदा शिक्षकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. २४ कोटी ६९ लाख मुलांना भागिले की चोवीसच्या आसपास येतात. पण त्याच वर्षीच्या यू-डायस प्लस अहवालात एकशिक्षकी शाळा आहेत १,०४,१२५ आणि त्यांत ३३ लाखांहून जास्त मुलं. महाराष्ट्रात अशा आठ हजारांवर शाळा. एका खोलीत चार इयत्ता, मास्तर तालुक्याला मीटिंगला गेले किंवा निवडणुकीचं काम आलं की त्या दिवशी शाळा बंद. सरासरीत तुमची वस्ती दिसणारच नाही.

त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांची अडचण आणखी वाढवली, सहावी ते आठवीला पट वीसच्या खाली गेला तर शिक्षक पदच मंजूर होत नाही अशी वेळ आली, त्यावर शिक्षक संघटनांनी मोर्चेही काढले. डोंगरातल्या पाड्यावर वीस मुलं आणायची कुठून? तिथली मुलगी पाचवीनंतर दहा किलोमीटर चालत जाणार नाही, ती घरी बसेल. खर्चाचा हिशोब मला कळतो, पण पाड्यावरची शाळा मुलांच्या संख्येवर तोलायची नसते, अंतरावर तोलायची असते. ग्रामसभेचा ठराव करा, त्यात अंतर, ओढे-नाले, पावसाळ्यात रस्ता कधी तुटतो हे सगळं लिहा.

कॉलेजला फक्त २८ टक्के जातात म्हणे, आणि मुली मुलांपेक्षा जास्त. हे खरं आहे? – बीएस्सीची विद्यार्थिनी, अमरावती

खरं आहे, पण मुली जास्त त्या प्रमाणात, संख्येने नव्हे. उच्च शिक्षणाची पाहणी, आयशे, तिच्या २०२१-२२ च्या अहवालात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आणि १८ ते २३ वयोगटाशी प्रमाण २८.४. मुलींचं २८.५, मुलांचं २८.३. यात नाशिकच्या मुक्त विद्यापीठासारखं घरबसल्या शिकणंही आलं. कॉलेजांच्या संख्येत उत्तर प्रदेशनंतर महाराष्ट्रच. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० वर न्यायचं ठरलंय.

एक लक्षात ठेव, भागाकारात खाली जी लोकसंख्या आहे ती २०११ च्या जनगणनेवरून काढलेला अंदाज आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. ती झाली की वरचे बरेचसे दर, केजीपासून कॉलेजपर्यंतचे, पुन्हा काढावे लागतील.

माझी सासूबाई ६३ वर्षांच्या, सही करतात, बसची पाटी वाचतात. त्या साक्षर धरायच्या का? गोवा पूर्ण साक्षर झालं म्हणे, म्हणजे तिथे एकही निरक्षर नाही? – एक गृहिणी, सावंतवाडी

जनगणनेत सात वर्षांवरच्या माणसाला कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येत असेल तर साक्षर. नुसती सही पुरत नाही. २०११ ला देशात ७२.९८ टक्के साक्षर, स्त्रिया ६४.६३. महाराष्ट्र ८२.३४. २०२३-२४ च्या श्रमबळ पाहणीत देशाचा आकडा ८०.९ आला, पण जनगणना आणि नमुना पाहणी, दोन्हीकडे घरातलं कुणीतरी सांगतं आणि तेच लिहून घेतात, वाचून कुणी बघत नाही.

गोव्याने ३० मे २०२५ ला, घटकराज्य दिनी, पूर्ण साक्षरता जाहीर केली. केंद्राच्या व्याख्येत ९५ टक्के झाले की पूर्ण साक्षर धरतात. म्हणजे शंभरात चार-पाच म्हातारी माणसं राहिलेली असू शकतात.

सासूबाईंसाठी उल्लास कार्यक्रम आहे, नवभारत साक्षरता, पंधरा वर्षांवरच्या कुणालाही. जवळच्या झेडपी शाळेत जाऊन नाव द्या, शिकवायला स्वयंसेवक मिळतो, तुम्ही स्वतःही स्वयंसेवक होऊ शकता. मग त्याच शाळेत परीक्षा, १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, प्रत्येकात ३३ टक्के हवेत. प्रमाणपत्र मिळतं. मुरबाडजवळ फांगण्याला ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरली, गुलाबी नऊवारी नेसून साठी-सत्तरीच्या बायका पाटी घेऊन बसल्या, तेव्हा त्रेसष्ट काही जास्त नाही. त्यांना विचारा बँकेचं पासबुक स्वतः वाचायचंय का, औषधाच्या पाकिटावरची तारीख बघायचीय का. बहुतेक हो म्हणतील.

आमच्या गावच्या शाळेने सरकारला काय माहिती कळवलीय ते आम्हाला बघता येईल का? – शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य, जि. सोलापूर

येईल. शाळेचा अकरा अंकी यू-डायस कोड घ्या, मुख्याध्यापकांच्या टेबलावर किंवा शाळेच्या बोर्डावर असतो, आपल्या राज्याचे कोड २७ ने सुरू होतात. यू-डायस प्लसच्या साइटवर शाळा शोधायची सोय आहे, तिथे रिपोर्ट कार्ड निघतं: किती मुलं, किती शिक्षक, संडास चालू आहेत का, पाणी, वीज, कॉम्प्युटर. प्रिंट काढा, समितीच्या बैठकीत न्या आणि एकेक ओळ शाळेत फिरून बघा. 'मुलींचं स्वच्छतागृह: चालू' लिहिलंय आणि त्याला कुलूप असेल तर बैठकीच्या इतिवृत्तात तसं नोंदवा, तारखेसकट, आणि पुढच्या वेळी माहिती भरायच्या आधी ती दुरुस्त करून घ्या. कायद्याने समितीत पाऊण सदस्य पालक असतात, हा तुमचा हक्क आहे.